फिकं आणि गडद: कपड्यांची जोडी जमवताना रंगाच्याही आधी बघायची गोष्ट

दारात गेरू सारवून त्यावर पांढरी रांगोळी काढली की ती रस्त्यावरूनही दिसते. तीच रांगोळी इमारतीच्या पांढऱ्या फरशीवर पिवळ्या रंगाने काढा, दोन पावलं मागे सरकलं की रेघा विरून जातात. पिवळा रंग काही कमी रंगीत नाही. कमी पडतो तो फरशीतला आणि रेघेतला फिक्या-गडदाचा फरक. कपड्यांचंही हेच आहे, आणि आपण मात्र जोडी जमवताना कायम रंगांची नावं घेत बसतो: हिरव्यावर लाल जाईल का, निळ्यावर केशरी चालेल का.

मला हे कळलं ते एका बॉटल ग्रीन साडीमुळे. घरातल्या साखरपुड्यासाठी घेतली होती. मरून काठ, त्यावर बारीक जरीची रेघ, आणि काठाला मॅचिंग मरून ब्लाउज. दुकानात सगळे म्हणाले, काँट्रास्ट काय सुरेख आहे! कार्यक्रमाचे फोटो आले तेव्हा मी खांद्यापासून पायापर्यंत एकच काळसर ठोकळा दिसत होते. भाच्याने अल्बमसाठी त्यातला एक फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला, आणि काठ चक्क नाहीसा झाला! जरीची रेघ तेवढी उरली. हिरवा आणि मरून हे रंग म्हणून एकमेकांपासून लांब आहेत, पण दोन्ही सारखेच गडद. तेव्हापासून मी कुठलीही जोडी आधी फिकं-गडद म्हणून बघते आणि मग रंग म्हणून. गेली कित्येक वर्षं घरातल्या, शेजारच्या मुलींना हेच शिकवते आहे. इथे ते क्रमाने लिहिते.

आधी कपाटाचे पाच ढीग करा

दिवसाउजेडी, खिडकीजवळच्या पलंगावर सगळे कपडे काढा. साड्या, ब्लाउज, कुर्ते, ओढण्या, पँटी, सगळं एकत्र. रंग विसरा आणि फक्त किती फिकं, किती गडद यावर पाच ढीग लावा.

पहिल्या ढिगात पांढरा, मोतिया, फिकट लिंबू. दुसऱ्यात अबोली, आकाशी, पिस्ता, बिस्किटी आणि हळदी पिवळासुद्धा. तिसऱ्यात केशरी, राखाडी, मेंदीचा जरा उजळ हिरवा, मळकट गुलाबी. चौथ्यात राणी, लाल, विटकरी, मोरपंखी, रामा. पाचव्यात काळा, नेव्ही ब्लू, बॉटल ग्रीन, वांगी, मरून, गडद जांभळा. ही यादी ढोबळ आहे. तुमच्या कपाटातला लाल माझ्यापेक्षा उजळ असू शकतो, म्हणून नावावर जाऊ नका, कापडाकडे बघा.

इथे बहुतेकजण दोन ठिकाणी चुकतात. पिवळा भडक दिसतो म्हणून तो गडद ढिगात जातो, आणि चिंतामणी निळा झळझळीत दिसतो म्हणून फिक्या ढिगात. भडकपणा वेगळा आणि गडदपणा वेगळा. अल्बर्ट मुन्सेल या अमेरिकन चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगांची जी मोजणी लावून दिली, तिच्यात हे दोन गुण स्वतंत्र धरले आहेत. काळा ० आणि पांढरा १०, अशी त्याची फिक्या-गडदाची पट्टी आहे. त्या पट्टीवर शुद्ध पिवळा पांढऱ्याच्या जवळ बसतो आणि शुद्ध निळा-जांभळा काळ्याकडे. पिवळा गडद करायला गेलात की तो पिवळा राहतच नाही, त्याची मोहरी किंवा शेवाळी होते. म्हणून पिवळ्या साडीवर जांभळा ब्लाउज लांबूनही खणखणीत दिसतो. रंग तर वेगळे आहेतच, शिवाय फिक्या-गडदाचा फरक त्या जोडीत मुळातच आहे. लाल-हिरव्याच्या जोडीत तो आपोआप येत नाही, मुद्दाम आणावा लागतो.

शंका आली तर दोन्ही कपडे शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि एडिटमध्ये जाऊन सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, पार खाली, शेवटच्या टोकाला न्या. तयार ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर वापरू नका, कारण त्यातले काही लाल रंग मुद्दाम उजळ करतात. फोटोत दोन्ही कापडांचा राखाडी सारखाच आला, तर ती एकाच ढिगातली आहेत, दुकानदार काहीही म्हणो.

छापाच्या कपड्यांना डोळे किलकिले करून बघा. बारीक फुलं असतील तर सगळं मिसळून एकच छटा दिसते, ती धरा. निळीवर मोठी पांढरी बुट्टी असेल तर ती काही केल्या मिसळत नाही. अशा कापडात फिकं-गडद आधीच भरलेलं आहे, त्याला सोबत साधीच हवी. निळीतला निळा किंवा बुट्टीतला पांढरा यांपैकी एक उचला आणि थांबा.

मग फरक मोजा

जोडीतल्या दोन कपड्यांच्या ढिगांचे आकडे वजा करायचे. फरक ० किंवा १ आला तर जोडी शांत. २ किंवा ३ आला तर रोजच्या वापराला उत्तम. ४ आला, म्हणजे पहिल्या आणि पाचव्या ढिगाची गाठ घातलीत, तर ती लांबून हाक मारणारी जोडी.

शांत जोडी मिळमिळीत होते अशी तक्रार ऐकू येते. ती खरी आहे, पण त्याला उपाय आहे. रंग जवळ असतील तर पोत लांब ठेवा. मोतिया सुती साडीवर मोतियाच सुती ब्लाउज घातला तर माणूस चादरीत गुंडाळल्यासारखं दिसतं. त्याच साडीवर बिस्किटी रंगाचा कच्च्या रेशमाचा ब्लाउज घाला. फरक एकाचाच, पण एक कापड उजेड पिऊन टाकतं आणि दुसरं तो परत देतं. मला स्वतःला या जोड्या सगळ्यात आवडतात, विशेषतः उन्हाळ्यात.

मुलाखत, कार्यालयातली बैठक, शाळेतला पालकांचा दिवस अशा ठिकाणी २ किंवा ३ चा फरक ठेवा. ४ चा फरक स्टेजवर, निवेदनाला, मोठ्या हॉलमध्ये कामाला येतो, जिथे मागच्या रांगेतल्या माणसालाही तुम्ही दिसायला हव्यात.

सीमारेषा कुठे पडते आहे ते बघा

या सगळ्यातली ही मोठी गोष्ट आहे, म्हणून इथे जरा थांबते. फिकं आणि गडद जिथे एकमेकांना भिडतं, तिथेच बघणाऱ्याचा डोळा आधी जातो. रंग कितीही गोड असोत, डोळा त्या रेषेवर जाऊन बसतो. तेव्हा ती रेषा शरीरावर कुठे पडावी, हे तुम्ही ठरवायचं.

विणकरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. विदर्भातली करवत काठी साडी जवळून बघा. टसरचं अंग मधासारखं किंवा बिस्किटी, फिकं. त्याला गडद काठ. पण काठ आणि अंग सरळ रेघेत भेटत नाहीत. काठाचे बारीक त्रिकोणी दात अंगात घुसलेले असतात, करवतीसारखे, आणि नाव त्यावरूनच आलं. आता हाच काठ अंगाएवढाच गडद असता, तर ते दात दिसलेच नसते. विणकराच्या मेहनतीचं चीज होतं ते दातापलीकडे फिकं टसर आहे म्हणून. अशी साडी हातात घेतली की मी काठावरून अंगठा फिरवते आणि मग हात लांब करून बघते. वीतभर अंतरावर दात दिसतात, हातभर अंतरावर त्यांची थरथरती किनार होते.

इरकलचा हिशेब वेगळा. जुन्या चालीच्या इरकलीचं अंग निळीत बुडवल्यासारखं गडद, काठ लाल किंवा मरून, म्हणजे तोही गडदच. अंगाला आणि काठाला आपण काँट्रास्ट म्हणतो, पण तो रंगाचा आहे, फिक्या-गडदाचा नाही. खरी उडी पदरात आहे. लाल पदरात पांढरा येतो, आणि अख्ख्या साडीत फिकं काही असेल तर ते तेवढंच. म्हणून इरकल नेसल्यावर पदर खांद्यावर चुरगाळून टाकू नये, मोकळा सोडावा किंवा पुढे घ्यावा. आणि इरकलीवर पांढरट खणाचा ब्लाउज घालण्याची हल्लीची पद्धत मला पटत नाही. पदराने राखून ठेवलेला उजेड ब्लाउज आधीच खर्च करून टाकतो. गडद खण घाला, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या बारीक नक्षीचा, मग पदर बोलतो.

आता आपल्यावर लागू करू. साडी-ब्लाउजात सीमारेषा दोन ठिकाणी पडते, दंडावर आणि कमरेवर. साडी फिकी आणि ब्लाउज पाचव्या ढिगातला असेल तर दंड कापल्यासारखा दिसतो, बाही जिथे संपते नेमका तिथे. दंड जाड वाटतात अशी कुरकूर असलेल्या कित्येकींना बाहीची लांबी वाढवायची गरजच नसते. ब्लाउजचा आणि त्वचेचा फरक दोनवर आणला की पुरे. उलट कोपरापर्यंतची बाही, त्यावर काठ लावलेला असेल तर ती रेषा मुद्दाम दाखवा. तिथे ४ चा फरक शोभतो.

कुर्ता-सलवारीत रेषा कुर्त्याच्या घेराखाली पडते. फिका कुर्ता मांडीच्या मध्यावर संपला आणि खाली काळी लेगिंग असली की उंचीचे दोन सारखे तुकडे होतात आणि माणूस बुटका दिसतो. कुर्ता गुडघ्याखाली न्या, नाहीतर सलवार त्याच ढिगातली घ्या. बुटक्या व्यक्तीने काँट्रास्ट करूच नये असं सांगतात, ते मला मान्य नाही. करा, पण रेषा वर न्या. आतला कुर्ता आणि सलवार दोन्ही गडद, वरून उघडं फिकं जॅकेट. जॅकेटच्या दोन कडांच्या उभ्या रेषा पडतात आणि उंची राहते तशी राहते.

पुरुषांच्या कपड्यांत हेच जरा सोपं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि वर काळी किंवा मरून बंडी: उभी रेषा छातीवर, चेहऱ्याच्या अगदी खाली. त्यात चूक होणं अवघड. शर्ट-पँटमध्ये मात्र रेषा पट्ट्यावर येते. पोट सुटलेलं असेल तर पांढरा शर्ट आणि काळी पँट खोचून घालू नका. शर्ट तिसऱ्या ढिगात आणा, पँट चौथ्या-पाचव्यात, आणि पट्टा पँटच्या छटेचा.

प्रमाण निम्मं-निम्मं नको

फिकं आणि गडद सारखंच असलं की डोळा ठरवू शकत नाही आणि दोन्हींत भांडण दिसतं. एकाला घर द्या आणि दुसऱ्याला खिडकी. साडीत हे आपोआप होतं, कारण अंग मोठं आणि काठ लहान. म्हणून साडीत चुका कमी होतात आणि कुर्ता-पँटीत जास्त. ढोबळ हिशेब धरायचा तर तीन भाग एकाचे, एक भाग दुसऱ्याचा.

तिसरी वस्तू, म्हणजे ओढणी, पर्स, चपला, ही तीन भागांच्या बाजूची असावी की एका भागाच्या? माझं उत्तर: एका भागाच्या. गडद कुर्ता-सलवारीवर फिकी ओढणी आहे, तर चपलाही फिक्या. ते फिकं दोनदा दिसलं की मुद्दाम केलेलं वाटतं, एकदाच दिसलं की राहून गेल्यासारखं.

दागिन्यांचाही हिशेब याच पट्टीवर. मोती पहिल्या ढिगातला. तन्मणी, मोत्याची नथ, चिंचपेटी हे सगळं गडद ब्लाउजवर आणि गडद साडीवर उजळतं. मोतिया साडीवर मोत्यांची माळ घातली तर फक्त घातल्याचं समाधान मिळतं. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दागिने घालतात, ते मला या विषयातलं सगळ्यात चोख उदाहरण वाटतं. थंडीत काळं ऊब देतं हे कारण सांगतातच, पण पांढराशुभ्र हलवा काळ्यावर जितका खुलतो तितका दुसऱ्या कशावर खुलेल? सोनं मधल्या ढिगातलं, त्यामुळे ते पाचव्यावरही दिसतं आणि पहिल्यावरही. फक्त मोहरी, केशरी अशा मधल्याच छटांवर ते बुडतं. तिथे काळ्या मण्यांची सोबत द्या, सोनं लगेच वर येतं.

चेहऱ्याजवळ काय आहे ते वेगळं तपासा

आपल्याकडे बहुतेकांचे केस आणि डोळे काळे, म्हणजे पाचवा ढीग प्रत्येकीने जन्मतःच अंगावर घातलेला आहे. गळ्याशी फिकं आलं की केस गडद, मध्ये चेहरा, खाली फिकं, अशी चौकट होते. गळ्याशीही गडद आलं की चेहरा हाच सगळ्यात उजळ भाग होतो आणि नजर सरळ तिथे जाते. दोन्ही चांगलं. बिघडतं ते कापड आणि त्वचा अगदी एकाच छटेची झाली की. गव्हाळ वर्णावर बिस्किटी ब्लाउज घातला की गळा कुठे संपला ते कळत नाही.

सावळ्या मुलीला पिवळं घालू नको, पांढरं घालू नको असं सांगणाऱ्या बायका मी लहानपणापासून ऐकल्या आहेत, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. सावळ्या त्वचेवर हळदी पिवळ्याचा फरक दोन-तीन ढिगांचा पडतो. म्हणजे गोऱ्या त्वचेवर जो पिवळा पुसट होतो, तो सावळ्या त्वचेवर गेरूवरच्या रांगोळीसारखा उमटतो. दोघींना शेजारी उभं करून फोटो काढा, त्याचं सॅच्युरेशन पार खाली न्या आणि तो त्या मुलीला दाखवा. मी दोनदा दाखवला आहे. एकीने त्याच आठवड्यात पिवळी साडी घेतली.

केस पिकले की हा सगळा हिशेब बदलतो. माझ्या आत्याचे केस पांढरे झाल्यावर तिने वयाला साजेसं म्हणून सगळं फिकं नेसायला सुरुवात केली. केस फिके, साडी फिकी, ब्लाउज फिका. फोटोत तिचा चेहरा शोधावा लागे. साड्या त्याच ठेवल्या, फक्त ब्लाउज बदलले: वांगी, नेव्ही, गडद रामा. खाली गडद आल्यावर वरचे पांढरे केस चांदीसारखे उठले. आत्या आता स्वतःच मॅचिंग सेंटरमध्ये जाऊन “जरा अजून डार्क दाखवा” म्हणते.

दुकानात आणि संध्याकाळी

मॅचिंग सेंटरमध्ये साडीचा काठ काउंटरवर पसरला की टू बाय टू या ब्लाउजच्या सुती कापडाचे तीन-चार तागे भराभर समोर येतात. त्या पांढऱ्या झगझगीत दिव्याखाली सगळंच जुळतं. तागा आणि साडी घेऊन दुकानाच्या दाराशी या, उन्हात नको, सावलीत. तिथे पाच पावलं मागे जाऊन बघा. आणि नुसता तागा बघू नका, साडीच्या घडीवर ब्लाउजच्या बाहीएवढीच पट्टी ठेवून बघा. मोठ्या तुकड्याची छटा वेगळी वाटू शकते, शिवून आल्यावर तशीच वाटेल असं नाही.

शेजारचा रंग छटा बदलतो, ही काही भावना नाही. पॅरिसच्या गोबेलिन विणकारखान्यात मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली रंगाईचा प्रमुख झाला, तेव्हा काळा रंग नीट चढत नाही अशी तक्रार त्याच्यापुढे होती. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे तो काळा फिका वाटत होता. म्हणून काळा ब्लाउज नेव्ही साडीवर नेलात आणि तो विटका वाटला, तर दुसरा काळा शोधत फिरू नका. त्याला फिक्या साडीवर न्या, तिथे तोच काळाभोर दिसेल.

धूपछाँव रेशमात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे वळणावर छटा दोन ढीग इकडेतिकडे होते. अशा पैठणीला ब्लाउज निवडताना निऱ्यांसारखी घडी पाडून दोन्ही छटा बघा आणि त्यातल्या गडद छटेला जुळवा.

अंगणातला कार्यक्रम, समयांचा उजेड, दिवेलागण असेल तर लाल रंगावर फार भिस्त ठेवू नका. उजेड मंदावला की डोळा निळ्या-हिरव्याला जास्त दाद देतो आणि लाल काळपट दिसू लागतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं, आणि लाल काठाची चंद्रकळा नेसून अंगणात बसलेल्या कुणालाही ते दिसेल. जरी किंवा फिका काठ तिथे उपयोगी पडतो.

आतलं कापड आणि पहिलं धुणं

फिक्या साडीखाली गडद परकर घालू नका. निऱ्यांत दिसत नाही, पण पुढच्या एकेरी भागातून तो दिसतोच आणि साडीची छटा एका ढिगाने खाली जाते. साडीच्याच रंगाचा, नाहीतर त्वचेच्या जवळचा परकर घ्या. फिक्या कुर्त्याला अस्तरही तसंच. पांढऱ्याखाली पांढरं अस्तर उलट उठून दिसतं, त्वचेच्या छटेचं दिसत नाही.

फिकं-गडद एकाच कपड्यात असेल, तर पहिल्या धुण्याआधी पाच मिनिटं काढा. पांढरा सुती रुमाल ओला करून गडद काठावर, शक्यतो आत खोचल्या जाणाऱ्या टोकाकडे, अर्धा मिनिट दाबून धरा. रुमालावर रंग उतरला तर ती साडी घरी धुऊ नका, ड्रायक्लीनला द्या. नाहीच उतरला तर थंड पाण्यात, एकटीच, भिजत न ठेवता झटपट काढा. पिळू नका. आणि वाळत घालताना दोरीवर मधोमध दुमडू नका, कारण वरचा ओला गडद काठ खालच्या फिक्या अंगाला टेकतो आणि रात्रभरात तिथे गुलाबी डाग उतरतो. दोन दोऱ्यांवर पसरून घाला, काठ बाहेरच्या बाजूला लोंबता ठेवून.